न आलेल्या चाकांची नोंद

मित्रांनो, भंगाराच्या खोलीत तुटक्या पंख्यांच्या मागे, काचेवर धुळीचा थर बसलेला जो संगणक दिसतो ना, तो मी. माझी तार कुणीतरी काढून नेली. कळफलकावरची बटणंही निम्मी निखळली. पण एके काळी मला माझी स्वतःची खिडकी होती, कामाला उसंत नव्हती आणि समोर बसणारं एक जिवाभावाचं माणूस होतं.

माझा जन्म एका प्रचंड मोठ्या कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावर आम्ही भावंडं एकामागून एक तयार झालो आणि खोक्यांत बंद होऊन निघालो. माझी बरीच भावंडं थंडगार कचेऱ्यांत गेली. माझ्या नशिबी व्हीलचेअर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचं स्टोअर आलं. तिथे छतापर्यंत रॅक होते. त्यांत नळ्या, गाद्या, नट-बोल्ट आणि लहानमोठी चाकं रचलेली असत. हवेत ग्रीसचा वास आणि लोखंडाचा बारीक भुगा. पहिल्याच दिवशी माझ्या नाकातोंडात भुगा गेला. तेव्हा स्टोअरकीपरने मऊ फडकं आणून मला पुसलं आणि म्हणाला, "घाबरू नकोस रे, मी आहे ना."

त्याला सगळे दादा म्हणत. त्याचं कारण त्याची बहीण. ती ह्याच कारखान्यात विक्रीच्या टेबलावर बसायची. ग्राहकांचे फोन घ्यायची, ऑर्डरी लिहायची. ती त्याला दादा म्हणायची, म्हणून सगळा कारखाना दादा म्हणू लागला. तो तिला छोटी म्हणायचा, म्हणून केस पिकायला लागले तरी ती सगळ्यांची छोटीच राहिली. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादाने स्वतःची शाळा सोडून तिला शिकवलं होतं. दुपारी दोघं माझ्या खिडकीशी बसून एकाच डब्यातून जेवत आणि शेवटच्या घासावरून भांडत.

सुरुवातीला कारखान्यात नुसता सावळा गोंधळ होता. विक्रीवाले फोनवर "हो, मिळेल" म्हणून मोकळे व्हायचे. कारखान्यात मात्र ती वस्तूच नसायची. खरेदीवाल्यांनी एकदा घाईघाईने गाद्या मागवल्या. तशाच गाद्या आमच्या माळ्यावर पडून होत्या आणि उंदीर त्यांवर संसार मांडून बसले होते! प्रत्येक विभागाची चिठ्ठी वेगळी आणि प्रत्येकाचं खरं वेगळं.

मग मालकांनी एक नवं सॉफ्टवेअर आणलं. ते शिकवायला एक बाई आल्या. त्यांनी सगळ्यांना आपापल्या पडद्यासमोर बसवलं आणि दादाला म्हणाल्या, "दादा, आज सकाळी ज्या नळ्या आल्या, त्या जमा करा बघू."

दादाने चाचपडत एकेक बटण दाबलं. लगेच पलीकडून खरेदी अधिकाऱ्यांचा आवाज आला, "अरे वा, माझी मागणी पुरी झाल्याचं दिसतंय!" जोडणीचे फोरमन म्हणाले, "माझ्याकडे उद्याचं काम लागलं!" हिशेबनीस चष्मा वर करून बघतच राहिले. छोटी तर टाळ्या वाजवत ओरडली, "दादा, मला तारीख दिसतेय! ग्राहकाला खुर्ची कधी देता येईल, तेही सांगतंय हे!"

बाई हसल्या. मग जरा गंभीर होऊन म्हणाल्या, "आता तुमची कामं वेगवेगळी राहिली नाहीत. इथे एक जण लिहितो आणि सगळे त्यावर पुढे चालतात. पण एक ध्यानात ठेवा. ह्या सॉफ्टवेअरला डोळे नाहीत. रॅकमध्ये काय आहे, ते तुम्हीच बघायचं."

पुढची काही वर्षं माझ्या सुखाची होती. मालक पाहुण्यांना घेऊन यायचे आणि माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचे, "हा आमचा कोठारी!" दादा माल आला की हात लावून मोजायचा आणि मगच माझ्याकडे वळायचा. कुणी "एन्ट्री मारून टाक की, माल येतोय" म्हटलं, तर म्हणायचा, "आधी येऊ दे."

एका दुपारी डबा उघडताना छोटी म्हणाली, "दादा, आज एक बसचालक आले होते. त्यांच्या आईसाठी खुर्ची हवी आहे. आजी अंगाने भारी आहेत, नेहमीची खुर्ची चालत नाही."

"मग मोठी करू की. त्यात काय?"

"आजींची धाकटी बहीण त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहते. तीही अंथरुणाला खिळलेली. दोघी कधीच्या एकमेकींना फोनवरच ऐकतात. आजींना एकदा बहिणीच्या घरी जाऊन बसायचंय."

"एवढंच?"

"एवढंच. आणि डॉक्टरांनी म्हणे फार दिवस दिलेले नाहीत."

दादाचा घास हातातच राहिला. बहिणीकडे बघत तो म्हणाला, "ही खुर्ची लवकर व्हायला हवी, छोटे."

त्या खुर्चीला जाड, मजबूत चाकं लागत. ती बाहेरगावाहून यायची. चाकं जमा झाल्याशिवाय सॉफ्टवेअर ती खुर्ची आठवड्याच्या कामात घेत नसे. त्या आठवड्याचं काम ज्या दिवशी ठरायचं होतं, त्या दिवशी दादा सारखा फाटकाकडे बघत होता. अखेर ट्रकवाल्याचा फोन आला. "वेशीपाशी पोचलोय दादा. हा आलोच!"

दादा माझ्यासमोर बसला. त्याने चाकं जमा केली. नेहमीप्रमाणे पडद्यावर प्रश्न आला, "माल प्रत्यक्ष मोजला का?" त्याचं बोट क्षणभर थांबलं. मग त्याने "हो" दाबलं.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर! पण मला जे दिलं जातं, तेच मी पुढे नेतो. मी ती चाकं सगळ्यांच्या पडद्यांवर नेली. खरेदी अधिकाऱ्यांच्या यादीतून ती मागणी निघून गेली. फोरमनच्या कामात खुर्ची बसली. छोटीला तारीख दिसली आणि तिने आनंदाने फोन लावला, "शनिवारी नक्की मिळेल! आमच्या दादानेच माल जमा करून घेतलाय."

ट्रक आलाच नाही. वेशीपाशीच त्याचा आस मोडला होता. दादाला कळेपर्यंत माल दुसऱ्या गाडीने चाकांच्या कंपनीकडे परत गेला होता. दादाने चाकांच्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले, "उद्या पाठवतो." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. दादा रोज स्वतःलाच समजवायचा, "आज येईल. मग सगळं खरंच होईल." ती नोंद उलटवण्याचं बटण माझ्याकडे होतं. तो तिथपर्यंत पडद्यावरचा बाण न्यायचा आणि परत आणायचा.

शुक्रवारी फोरमन खिडकीशी आले. "दादा, आजींच्या खुर्चीची चाकं द्या. बाकी सगळं तयार आहे."

दादा उठला नाही.

"अहो, द्या ना. पडद्यावर तर आहेत."

"पडद्यावरच आहेत," दादा म्हणाला.

मग धावपळ उडाली. खरेदी अधिकारी कपाळावर हात मारून म्हणाले, "माझ्या यादीत राहिली असती, तर मी दुसऱ्या कुणाकडून आणली असती हो! मला वाटलं, आलीत." त्यांनी फोनांवर फोन केले, पण त्या मापाची चाकं मिळायला पुढचा आठवडा उजाडला. छोटीने बसचालकाला फोन करून माफी मागितली.

चाकं आली. खुर्ची झाली. कधी नव्हे ते दादाने स्वतः तिला तेल दिलं. तेवढ्यात बसचालक आले आणि खिडकीशी उभे राहिले.

"आई परवा गेली," ते म्हणाले.

छोटी मागे येऊन उभी होती.

"शनिवारी सकाळपासून केस विंचरून बसली होती. मावशीला फोनवर सांगितलं, 'निघालेच बघ.' रात्री मीच तिला निजवलं. मला म्हणते, 'चिडू नकोस रे त्यांच्यावर. त्यांचंही काही अडलं असेल.'"

दादा खिडकीमागून बाहेर आला. तो हात जोडून म्हणाला, "चाकं आली नव्हती. आली असं मी लिहिलं. तुमच्या आईला लवकर मिळावी, म्हणून लिहिलं."

बसचालकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "लिहायचं नव्हतं, दादा." मग त्यांनी खुर्ची ढकलत नेली. मावशीला ती फार मोठी होणार होती, तरी नेली.

ते गेल्यावर छोटी म्हणाली, "मी तुझ्या भरवशावर बोलले रे. तारीख बघितली, पण विश्वास तुझ्यावर ठेवला." आणि ती वळून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन खिडकीशी आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही.

मालकांनी दादाला शिक्षा केली नाही. "पुन्हा होऊ देऊ नका," एवढंच म्हणाले. पण दादाचा स्वतःच्या मोजणीवरचा विश्वास उडाला. एकच खोकं तो पुन्हा पुन्हा मोजायचा. पडद्यावर प्रश्न आला, की उठून परत रॅककडे जायचा. शेवटी त्याने स्वतःच स्टोअर सोडलं आणि फाटकावर बसायचं काम मागून घेतलं. रोज सकाळी छोटी फाटकातून आत यायची. तो म्हणायचा, "आलीस?" ती म्हणायची, "हं." वर्षानुवर्षं त्यांच्यात एवढंच बोलणं उरलं.

मग सडपातळ नवे संगणक आले आणि माझी रवानगी ह्या खोलीत झाली. त्याचं मला दुःख नाही. जुनं झालं की जायचंच असतं.

तुम्हीही उद्या माझ्यासारख्या कुणासमोर बसाल. तेव्हा जे हातात आलेलं नाही, ते आलं असं आम्हाला सांगू नका. चांगल्या हेतूनेही सांगू नका. उठा, रॅकपर्यंत चालत जा, हात लावून बघा. चुकून लिहून बसलात, तर त्याच घटकेला सगळ्यांना हाक मारून सांगा. लाज वाटेल, पण त्या हाकेने पुष्कळ काही वाचतं. आणि आपल्या माणसाच्या हातून असं काही घडलं, तर त्याच्यावर रागवा, खुशाल भांडा. पण त्याला फार काळ एकटं ठेवू नका.

परवा छोटी ह्या खोलीत आली होती. तिने मला ओळखलं. ओढणीने माझी काच पुसली आणि माझ्यासमोरच्या मोडक्या स्टुलावर बसली. "दादा, चल ना जेवायला," ती हळूच म्हणाली.

दादा गेला, तेव्हापासून फाटकावर दुसराच माणूस बसतो.