लोणी यायचं राहिलं होतं

"अहो, उठा. खाली कुणीतरी ताक घुसळतंय."

आमच्या ह्यांनी पांघरूण नाकापर्यंत ओढलं. "वीणा, हेर्त्सोगेनआउराखमध्ये ताक कोण घुसळणार? पाण्याचा पाइप असेल."

हे जर्मनीत, जवळच्या एर्लांगेनला फिजिक्समध्ये डॉक्टरेट करत होते. ह्यांच्या लेखी जगातला प्रत्येक आवाज पाइपचाच. पण सांगलीला माझं अख्खं लहानपण त्या घर्र-घुम, घर्र-घुमने जागं झालेलं. मला म्हणे पाइप शिकवतात!

मी शाल गुंडाळून खाली गेले. सकाळचे सहा वाजले होते. स्वयंपाकघरात आमच्या घरमालकीणबाई, फ्राऊ लिंडनर, कोट घालून बसल्या होत्या आणि कपाटाच्या माथ्याकडे बघत होत्या. तिथे एका खोडातून कोरलेलं लाकडी भांडं होतं. त्याच्या अंगावर पक्षी आणि वेलबुट्टी, आत रवी, रवीला दोरी गुंडाळलेली. रवी जागची हलत नव्हती. आवाज मात्र तिथूनच येत होता.

"तुम्हालाही ऐकू येतं?" बाईंनी विचारलं. तेवढं जर्मन मला कळत होतं. मी मान हलवली, तशा त्या रडायलाच लागल्या.

बाई वीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच मशीनवर बूट शिवत होत्या. त्यांचा नवरा गेओर्ग चांभारकाम करायचा. अडतीस साली गिर्यारोहकांचे बूट दुरुस्त करायला तो त्यांच्याबरोबर हिमालयात गेला आणि येताना हे भांडं घेऊन आला. पुढे युद्धात रशियाला गेला. त्रेचाळीसनंतर त्याचं पत्र नाही, आणि मेल्याचा कागदही नाही. त्याला सोळा वर्षं झाली.

संध्याकाळी ह्यांना दुभाषी म्हणून मध्ये बसवून आम्ही बोललो. "बाई म्हणतायत, झोपेचं खोबरं झालंय. शनिवारी भांडं फोडून चुलीत घालणार."

"चुलीत? एवढं कोरीव काम? अहो, आधी विचारा, त्याला हे दिलं कुणी?"

दोघांचं बराच वेळ चाललं. मग हे म्हणाले, "डोंगरातल्या एका घरात त्याला हे दिसलं, घरात कुणी नव्हतं म्हणे. तिथली बाई पाण्याला गेली असावी. आत दूध होतं, ते त्याने दारात ओतलं. भांड्याच्या जागी हातातलं घड्याळ ठेवून आला."

माझं डोकंच फिरलं. "रवी आत होती ना? मग दूध कसलं, दही असणार! लोणी यायचं राहिलं होतं, आणि हा मेला..." मी जीभ चावली. "एवढं नका हं सांगू."

माझी आई घुसळण अर्धवट टाकून कधी उठली नाही. दारात पाहुणे आले तरी "बसा हं, लोणी येतंय" म्हणायची.

"फोडायच्या आधी तिचं काम पुरं करू म्हणावं," मी म्हटलं.

"कुणाचं?"

"त्या डोंगरातल्या बाईचं. आणखी कुणाचं!"

वाद मिटवायचा असला की हे जर्मनांसारखं "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणत. तसं म्हणाले आणि दूध आणायला गेले.

दोन दिवस शेगडीच्या उबेला ठेवून मी दही लावलं. शनिवारी सकाळी रवी टेबलाच्या पायाला बांधली. दोरीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं बाईंकडे. मी ओढायची, मग त्या ओढायच्या. थंडीत लोणी कुठलं लवकर यायला! अर्ध्या तासाने बाईंनी टोक सोडलं आणि कपाळ पुसायला लागल्या.

पण दोरी पलीकडे गेली. पुन्हा माझ्याकडे, पुन्हा पलीकडे. बाईंचे दोन्ही हात पदराशी, म्हणजे त्यांच्या एप्रनशी होते. पलीकडची ओढ त्यांच्यापेक्षा दमदार होती, रोजच्या सवयीची. तरी मी सोडलं नाही. सोडलं असतं तर पुन्हा अर्धवट राहिलं असतं. हे दारात कप धरून उभे होते. ह्यांच्या तोंडून पाइपचा प सुद्धा निघाला नाही.

मग रवी जड झाली आणि दोरी सैल पडली. लोणी आलं होतं. त्याला लाकडाच्या धुराचा वास होता, आणि बाईंच्या घरात तर कोळसा जळायचा.

भांडं फोडायचं सोडून बाईंनी ते पुसून पुन्हा कपाटावर ठेवलं. रविवारी सकाळी घर शांत होतं. मी आठपर्यंत झोपले.

सोमवारी सहाला पुन्हा घर्र-घर्र. मी खाली धावले. बाई जमिनीवर बसल्या होत्या. भांडं गुडघ्यांत, दोरीची दोन्ही टोकं त्यांच्याच हातांत. आत थेंबही नव्हता.

"आवाज होता तोवर वाटायचं, गेओर्ग अजून वाटेत आहे," त्या म्हणाल्या. "काल इतकं शांत झालं की मला कळलं, तो यायचा नाही."

हे झोपले होते. तरी मला सगळं कळलं.

आई रिकामी रवी फिरवू द्यायची नाही, हातावर चापट मारायची. बाईंनी दोरीचं एक टोक माझ्यापुढे धरलं. मी समोर बसले आणि ओढलं.