धुतलेला टॉवेल

लाँड्रीवाल्या मावशींना धीर म्हणून कसला तो नव्हता. बेकरीमागच्या कुत्रीच्या पिल्लांचे डोळे उघडतात न उघडतात, तोच या हात पसरून उभ्या. "ते पांढऱ्या पायांचं माझं. आजच नेते!"

बेकरीवाला कसला ऐकतोय! "दोन महिने पुरे होऊ देत, मावशी. आईचं दूध सुटू दे, भावंडांशी मारामारी करून किती जोरात चावायचं ते कळू दे. आत्ता नेलंत तर रडून रडून तुमचं डोकं उठवील."

आणि रडून तर चालणारच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून मुलाने एकच धोशा लावला होता: एकटी राहू नकोस, लाँड्री बंद कर, माझ्याकडे चल. शेवटी मायलेकांचं ठरलं. पिल्लू आणायचं. ते रमलं तर आई इथेच राहील. नाही रमलं, तर मुकाट्याने बॅग उचलायची.

मग मावशींनी कळ सोसली. बेकरीवाल्याच्या सांगण्यावरून पिल्लांखाली अंथरायला एक टॉवेल दिला. आईचा, भावंडांचा वास त्यात मुरेल, नव्या घरात पिल्लाला तेवढाच आधार.

दोन महिने भरले. पिल्लू घरी आलं, मुलगाही आला. आणि पिल्लाने जो गळा काढला म्हणता, बाप रे! दूध नको, मांडी नको, काही नको.

"अगं, तो टॉवेल दे ना त्याला," मुलगा म्हणाला.

मावशींनी टॉवेल आणला. पांढराशुभ्र, चार घड्या, कडक इस्त्री. आदल्या दिवशी बेकरीतून घरी आणला, मळका दिसला, आणि हातांनी जन्मभर जे केलं तेच केलं. पिल्लाने हुंगला, फटकन शिंकलं आणि पुन्हा रडायला लागलं.

"जळलं मेलं माझं डोकं!" मावशी मटकन खाली बसल्या. त्यांना खरंच रडू फुटलं. "भर बाबा माझी बॅग."

मुलाने कपाट उघडून कपडे काढायला घेतले. तेवढ्यात पिल्लू रडतरडत खालच्या कप्प्यात शिरलं आणि एकदम गप्प झालं. घरात जिकडेतिकडे साबणाचा वास. न धुतलेली वस्तू काय ती एकच, नवऱ्याचा मफलर. तो गेल्यापासून मावशींनी त्या मफलरला पाणी लावलं नव्हतं, कुणाला हात लावू दिला नव्हता. पिल्लू त्यात नाक खुपसून झोपलं होतं.

"अरे, बाबांचा मफलर!" मुलगा ओढायला वाकला.

"खबरदार हात लावलास तर!"

"अगं, ओला करील ते!"

"करू दे." मावशींनी डोळे पुसले. "मी नुसता जपून ठेवला होता. त्याला तो हवाय."

 मुलगा आईचे काढलेले कपडे एकेक करून वरच्या कप्प्यात परत ठेवू लागला, अजिबात आवाज न करता.