लॉर्डसाहेबांचा रंगाचा डबा

"आरं एनॉक! डबा इसरलास त्यो इसरलास, डोकं तरी आणलंस का घरनं?"

मित्रांनो, किती वर्षं लोटली, तरी गिरणीच्या फाटकावर घुमलेला हा आवाज माझ्या पत्र्यात अजून वाजतो. तो विसरलेला डबा म्हणजे मी. माझ्यात होते पावाचे दोन तुकडे आणि त्यांवर चरबीचा पातळ थर. मला धरून उभी होती कझाया ऑर्मरॉड, विलायतेतल्या क्लेगशॉ गावच्या कापडगिरणीतली विणकरीण. आणि समोरून ओशाळं हसत येत होता तिचा बारा वर्षांचा मुलगा एनॉक, तोही तिथेच कामाला.

आज मी जुना झालो आहे. कड्या सैल झाल्या, झाकणाला पोचे पडले. पण माझी कीव करू नका. मी रडगाणं गायला बसलेलो नाही.

क्लेगशॉच्या एकेका शेडमध्ये हजार हजार माग धडधडत. तिथे ओरडून काही उपयोग नसे. म्हणून बाया आवाजाशिवाय बोलत. ओठ मोठाले करून, गाल फुगवून, भुवया उडवून. हाताला धागा, पायाला ठेका आणि ओठांना गप्पा. चार मागांपलीकडची बाई काय म्हणते ते त्यांना पुस्तकासारखं वाचता येई. एनॉक हीच भाषा शिकत मोठा झाला.

विसाव्या वर्षी तो नाटकमंडळीबरोबर निघाला. आईने मला घासूनपुसून त्याच्या हातात दिलं. मी विचार केला, चला, आता पाव संपला, रंग सुरू.

नाटकात मात्र त्याची फजिती झाली. राजाच्या वेषात तो बोलायला लागला की प्रेक्षक पोट धरून हसत. ती क्लेगशॉची बोली, ते लांबवलेले स्वर! मालकाने सांगितलं, "एनॉक, तू भाला घेऊन मागे उभा राहा. आणि कृपा कर, खोकूसुद्धा नकोस."

तेव्हा सिनेमा नवा होता आणि मुका होता. लंडनच्या कडेला काचेच्या छपराचा एक स्टुडिओ होता. ऊन असेल तोवर काम, ढग आला की सगळे चहा पीत बसायचे. तिथले दिग्दर्शक प्रुएटसाहेब एनॉकचा चेहरा पाहून खुर्चीतून उठले. या माणसाच्या भुवईलाही वाचा होती! गिरणीने दिलेली वाचा.

मग माझ्यात पिवळा रंग आला. मित्रांनो, लाल रंग त्या फिल्मवर काळाकुट्ट दिसे, म्हणून आमचे नटनट्या कावीळ झाल्यासारखे पिवळे होऊन वावरत. पावडर लावायला सशाचा पाय आला. आणि मला पुन्हा कधी कुणी धुतलं नाही. नटाच्या रंगाचा डबा धुतला तर त्याचं नशीब वाहून जातं, असं ती मंडळी मानत. एनॉक उमरावांची कामं करू लागला. कंपनीने त्याचं नावही बदललं. भिंतीभिंतीवर झळकू लागलं, 'लायनेल हार्कोर्ट'.

क्लेगशॉत कुणी म्हणालं, "कझाया, तुझं पोरगं आलंय की गं पडद्यावर!" तर ती म्हणे, "त्यो कुणी हार्कोर्ट हाय. माझ्या वळखीचा न्हाई." हे सगळं एनॉकची चुलतबहीण ॲलिस पत्रातून कळवी.

एकदा पत्र आलं आणि एनॉक लालेलाल झाला. एका सिनेमात तो नायिकेपुढे गुडघे टेकून प्रेमाची याचना करत होता. मग पडद्यावर अक्षरं आली, 'तुझ्यावाचून मी जगू शकत नाही.' लंडनला लोकांनी डोळे टिपले. क्लेगशॉत अख्खं थिएटर हसून कोसळलं. कारण त्या बायांनी अक्षरं वाचलीच नाहीत, ओठ वाचले. ओठ म्हणत होते, "आयला, ह्या बुटानं पाय सोलला. आन् ही बया खारा मासा खाऊन आलीया!"

कॅमेऱ्यासमोर काहीही बोललं तरी चालतं, असं त्याने गृहीत धरलं होतं. आपलं गाव काय पाहतं ते तो विसरला होता. रात्रभर त्याने मला उघडलं, मिटलं. सकाळी रंग लावताना आरशात पाहून ओठांनी म्हणाला, "आई, बरी हाईस का?"

त्या दिवसापासून प्रत्येक सिनेमात, कुठल्या तरी एका क्षणी, उमरावाच्या तोंडून हा प्रश्न जाऊ लागला. तलवार उपसताना, मरताना, एकदा तर लग्न लागताना. प्रुएटसाहेबांना पत्ता नाही. क्लेगशॉच्या बायांना मात्र दर खेपेला कळे. असे एकतीस सिनेमे झाले. आईचं उत्तर आलं नाही. ॲलिस एवढंच लिही, 'काकू काही बोलत नाही.'

मग सिनेमा बोलू लागला.

प्रुएटसाहेब खोलीत आले, दार लावून घेतलं. "हार्कोर्ट, वाईट वाटून घेऊ नका. चेहरा तुमचाच. कोपऱ्यात मिस्टर फेनविक उभे राहतील. त्यांचा गळा गोड आहे. तुम्ही नुसते ओठ हलवायचे."

"आणि माझा आवाज?"

"अहो, उमराव असा बोलतो का? लोक हसतील."

"हसू दे की. नाव नेलंत, म्या काही बोललो न्हाई. आता माझ्या आईपुढं माझ्या तोंडातनं परका मानूस बोलनार व्हय?"

साहेबांना वाटलं, चिडलाय, निवळेल. चित्रीकरणाला शंभर माणसं श्वास रोखून उभी होती. वाक्य होतं, 'या घराची किल्ली मी कुणालाही देणार नाही.' फेनविक बिचारा तोंड उघडणार, इतक्यात एनॉक असा गरजला की काचा थरथरल्या, "ह्या घराची चावी म्या कुनाला बी देनार न्हाई!"

कुणी हसलं नाही. फेनविकने कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "साहेब, याच्यापेक्षा चांगलं मला जमणार नाही."

दुपारी आम्हाला फाटकाबाहेर काढलं. एनॉकने तोंडावरचा रंगही पुसला नव्हता.

मित्रांनो, आज मी ॲलिसच्या नातवंडांच्या फळीवर आहे. परवा त्यांतल्या एकीने मला घासून लख्ख करायचा बेत केला. तुम्हालाही विनवतो, जुन्या वस्तूला सांभाळा, पण तिचं आयुष्य खरवडून टाकू नका. माझ्या तळाशी पिवळ्या रंगाचा जाड थर आहे, आणि त्याखाली क्लेगशॉच्या चरबीचा वास. दोन्ही माझे आहेत. लख्ख व्हायला मी काही आजच बाजारातून आलेलो नाही.

आता राहिली, आम्ही क्लेगशॉला परतलो त्या शनिवारची दुपार. गिरणी सुटली होती. एनॉकने मला टेबलावर ठेवलं. कझाया चुलीपाशी बटाटे सोलत होती, पाठमोरी. ॲलिस दारात उभी होती.

"आई," तो म्हणाला. तिने मान वळवली नाही. त्याने पुन्हा हाक मारली. शेवटी ॲलिसने पुढे होऊन तिच्या खांद्याला हात लावला आणि खाली मान घालून म्हणाली, "एनॉक, बारा वर्षं झाली तिला ऐकू येत नाही. मागांनी कान खाल्ले. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती."

एनॉक ॲलिसकडे वळला. "म्हंजी... हिच्यापुढं परक्याचा गळा नको म्हनून म्या समदं सोडलं, आन् माझा आवाजच हिला..."

कझाया आता वळून त्याच्या ओठांकडे पाहत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"बरं केलंस सोडलंस. परक्याचा गळा असता तर मला कळलं असतं. गळ्याची शीर खोटी हलत न्हाई."

"मग इतकी वर्षं येका शब्दानं उत्तर का दिलं न्हाईस, आई?"

"नाव टाकलंस त्याचा राग हुता. लई राग हुता." तिने कमरेला बांधलेला फडका पदरासारखा हाताभोवती गुंडाळला. "पर उत्तर दिलं न्हाई आसं कसं म्हनतोस? येकतीस खेपा पयल्या रांगेत बसले म्या. दर खेपेला ओठानं सांगितलं, 'बरी हाय लेका, तू जेवलास का?' तू पडद्यातनं बघत नव्हतास, त्याला म्या काय करू?"