क्वो गुरुजींचा बनियन

क्वो गुरुजींचा हिशेब बघा. कॅन्सर झालेली आमची पेइछी बरी झाली असती, तर त्यांच्या मंतरलेल्या पाण्याने. मेली असती, तर इस्पितळाच्या सुईने. दोन्हीकडून जमाच जमा, खर्चाची बाजू कोरी. शिवाय चोवीस वर्षांच्या मुलीचा हसरा फोटो भिंतीवर टांगायला मिळाला असता, आणि तो बघून आणखी चार आया रडत आल्या असत्या, ते वेगळंच.

ताइनानच्या आमच्या गल्लीत त्यांचं आजार उतरवायचं दुकान माझ्या केस कापायच्या दुकानासमोरच. शनिवारी दुपारी प्लास्टिकच्या स्टुलांवर ही गर्दी! आजाऱ्याने स्वतः यायचीही गरज नाही. घरच्यांनी त्याचा अंगावरचा कपडा आणायचा. लहान मूल दचकलं, की त्याच्या कपड्यात तांदळाची वाटी गुंडाळून भीती उतरवायची रीत आमच्याकडे घरोघरी आहे. कोणाचं काही बिघडत नाही त्याने. गुरुजींनी त्या रीतीला कॅन्सर शिकवला.

वाटी कपड्यात गुंडाळायची, धुपावरून फिरवायची, उघडायची. मग कुंचल्याने तांदळावर तपकिरी काढा लावायचा. पांढरे दाणे बघता बघता काळेनिळे! "हे बघा विष!" सातव्या खेपेला दुसऱ्या बाटलीतलं पाणी शिंपडलं, की दाणे पुन्हा पांढरे. विष गेलं! लोक हात जोडत.

भिंतीवर 'बरा झालेला' म्हणून वेइहानचा फोटो होता. पेइछीचा शाळासोबती. तांदूळ पांढरे झाले म्हणून त्याने इस्पितळ सोडलं. घरच्यांनी परत नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. वेइहान गेला. फोटो मात्र हसत राहिला. गुरुजींनी तो उतरवला नाही.

पेइछीच्या मानेत गाठ आली, तपासणीत कॅन्सर निघाला. लवकर सापडलाय, बरी होशील, असं डॉक्टर म्हणाले. सोमवारी पहिली केमो. शुक्रवारी ती माझ्या खुर्चीत येऊन बसली.

"काकू, सगळे कापा."

"सगळे?"

"गळणारच आहेत. उशीवर सापडण्यापेक्षा तुमच्या फरशीवर पडलेले बरे."

तयारी तिने चोख केली होती. दात तपासून घेतले, मऊ ब्रश आणला, ताप मोजायला थर्मामीटर आणला. गळ्याखाली कातडीच्या आत औषधाची नळी बसवली होती, म्हणून पुढून बटणांचे शर्ट शिवून घेतले.

"मग राहिलं काय?"

"आई," ती म्हणाली. "गुरुजींच्या सात खेपा आधी, म्हणते. केमोला लागणारं माझं आरोग्य कार्डच लपवून ठेवलंय. आणि काकू, मला एकटीला नाही जायचं इस्पितळात. भीती वाटते."

आरशात तिची नजर माझ्यामागे गेली. गुरुजींचे बनियन बांबूवर वाळत होते.

"हे रोज इथेच असतात?"

"रोज."

ती हसली. मासे साफ होताना मांजर बसते ना, तशी बसून हसली. बांबूवरून एक बनियन कोणी उचलला ते मला विचारू नका.

शनिवारी तिची आई, सूलान, पिशवीतून तो बनियन घेऊन गेली. "हल्लीच्या मुली पुरुषांचे बनियन घालून झोपतात गुरुजी, काय करायचं! तिनेच काढून दिला."

वाटी गुंडाळली, फिरवली, उघडली. काढा लागला, दाणे काळे झाले.

"अरेरे!" गुरुजी कळवळले. "छाती पोखरलीय! सुई टोचलीत तर तीन महिने. माझं पाणी दिलंत तर ऐंशी वर्षं!"

सूलान रडायला लागली. तेवढ्यात तोंडाला मास्क लावून, भादरलेलं डोकं उघडं टाकून पेइछी माझ्या दुकानातून तिथे गेली.

"गुरुजी, ज्याचा कपडा त्याचंच दुखणं ना?"

"तांदूळ खोटं बोलत नाहीत, पोरी."

"क्वोकाकू, जरा हा बनियन बघता?"

गुरुजींची बायको चहा देत होती. तिने बनियन उलटा केला आणि किंचाळली, "अगं बाई! हा तर यांचा! काखेत निळा दोरा मीच घातलाय!" मग नवऱ्याकडे वळून, "अहो, छाती पोखरलीय आणि मला बोललासुद्धा नाहीत? चला, आधी इस्पितळात चला!"

"गप्प बस! मला काही झालेलं नाही!"

"मग तांदूळ खोटं बोलले?" पेइछीने विचारलं.

"कोणीतरी तांदळातली शक्ती बदलली!"

"शक्ती नाही हो, बनियन बदलला," मागून एक म्हातारा म्हणाला, आणि स्टुलं हसायला लागली.

पेइछी हसली नाही. तिने मूठभर कोरे तांदूळ बशीत ओतले, खिशातून जखमेवर लावायचं औषध काढून त्यांवर टाकलं. ना कपडा, ना धूप. दाणे काळेनिळे.

"हे आयोडिन. शाळेत सगळ्यांनी बटाट्यावर टाकून बघितलंय. तांदूळ असो, बटाटा असो, स्टार्च असला की रंग येणारच. तांदळाला ना माझी गाठ कळते, ना गुरुजींची छाती." मग तिने क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात चुरून वर ओतली. काळेपणा निघून गेला. "आणि ही दुसरी बाटली. सात खेपा कशाला हव्यात?"

गुरुजी उठायला लागले. तिने वेइहानचा फोटो भिंतीवरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"याला सांगा ना, तांदूळ पांढरे कसे झाले ते."

ती समोरून हलेना. तिला दया येत नव्हती, आणि यावी असं मलाही वाटलं नाही. शेवटी फोटो तिनेच उचलला आणि वेइहानच्या आईला नेऊन दिला.

घरी सूलानने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, कार्ड काढलं, बाहीने पुसून छातीशी धरलं. "सोमवारी किती वाजता निघायचं?" एवढंच म्हणाली.

आता केमोच्या मधल्या बऱ्या आठवड्यात पेइछी शनिवारी माझ्या दारात बशीभर तांदूळ घेऊन बसते. समोरची स्टुलं रिकामी असतात, तरी बसते. "गुरुजी, तुमच्या पाण्याचं काय झालं? प्यायलात का?" अशी हाक मारते. गेल्या महिन्यात गुरुजींच्या दुकानाची पाटी उतरली.

मूल दचकलं तर खुशाल कपड्यात तांदूळ गुंडाळा. आईचा हात पाठीवरून फिरतो, त्याने बरं वाटतंच. गाठ आली तर मात्र डॉक्टरांकडे जा. आणि कोणी चमत्कार दाखवलाच, तर एकदा दुसऱ्याचा कपडा देऊन बघा.

या हिशेबात कोणी काय किंमत भरली म्हणाल, तर पेइछीने केस भरले. ते परत येतील. गुरुजींनी अब्रू भरली. ती येणार नाही. वेइहानने अख्खं आयुष्य भरलं, आणि त्याची पावती गुरुजींनी भिंतीवर टांगली होती.