मासा नास्तिक निघाला

भडगावजवळ निंबा आबांच्या शेततळ्यावर बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. योगराज महाराजांनी बादलीत सोडलेला मासा उलटा होऊन निपचित पडला. महाराजांनी तो दुसऱ्या बादलीत टाकला, मंत्र फुंकला आणि मासा शेपटी मारू लागला!

"मेलेला उठवतो मी. तुमचा साखरेचा आजार म्हणजे किस झाड की पत्ती!"

पहिल्या बादलीला लवंगेचा वास यायचा. देवी कानबाई माय बादलीत बसून विडा चघळते, हे गावानं स्वतःच ठरवून टाकलं. महाराजांना तेवढीही मेहनत पडली नाही.

आबांची बायको झुंबरबाई गेले काही दिवस त्या बादलीतलं पाणी तीर्थ म्हणून पीत होती आणि साखरेचं इंजेक्शन तिनं सोडलं होतं. पायाची जखम चिघळत चालली होती. आबा रागावून थकले, विनवून थकले.

"मरेल मासा जित्ता व्हस," ती म्हणायची, "मग मना पाय काय चीज शे?"

त्यांची सून ज्योती मत्स्यबीज केंद्रात कामाला होती. तिनं बादली हुंगली आणि कपाळावर हात मारला. "आबा, हे लवंगेचं तेल! मादीची अंडी काढताना आम्हीही पाण्यात थेंबभर घालतो. मासा मरत नाही, गुंगीत जातो. साध्या पाण्यात जागा होतो."

तिनं तिथंच करून दाखवलं. मंत्राच्या जागी बेचा पाढा म्हटला. मासा उठला. लोकांनी लगेच ज्योतीच्या पाया पडायला रांग लावली!

"आन जास्त येळ ठेवा त?" आबांनी हळूच विचारलं.

"मात्रा आणि वेळ सांभाळली तरच सुरक्षित. नाहीतर खरंच मरतो."

महाराजांनी पुन्हा मासा पहिल्या बादलीत सोडला, तेव्हा आबांनी त्यांच्यापुढे हात जोडले. "मासाले तीर्थमाच ऱ्हाऊ द्या. आम्ही आरती म्हणतस."

"थोडक्यात उरका," महाराज घामाघूम झाले. भजनी मंडळ कुठलं थोडक्यात उरकतंय! कडव्यामागून कडवं झालं, वर मंत्रपुष्पांजली. नंतर मासा साध्या पाण्यात टाकला, तो हलेचना. महाराजांनी मंत्र फुंकला, मग ओरडून म्हटला, शेवटी बादलीलाच लाथ मारली.

"हा मासा नास्तिक होता!"

बांधावर हशा उसळला. पोलीस येईपर्यंत लोकांनी महाराजांना तिथंच बसवून ठेवलं. झुंबरबाई मात्र हसली नाही. "म्हंजे हाईच पीसन मना पाय बरा व्हनार व्हता?"

आबांना भडभडून आलं. ते गर्दीकडे वळले. "कानबाईले हात जोडा, मी बी जोडस. पन दवाई सोडू नका. कोनी चमत्कार दाखाडा त त्याले सांगा, 'परत एकदाव कर, आम्ही सांगसूत तसा.'"

दवाखान्यात जाताना रिक्षात त्यांनी बायकोचा दुखरा पाय मांडीवर घेतला.

"डॉक्टर पाय कापी टाकी का?"

"माले माहीत नही," आबा म्हणाले. "ज्याले माहीत शे, त्यालेच इचारूत."