हालचाल

छापखान्यात सगळे त्यांना ‘ऱ्हस्वदीर्घ’ म्हणत. चाळीस वर्षे मुद्रिते तपासण्यात गेली, आणि एवढ्या काळात त्यांनी कोणाचीही चूक तोंडाने सांगितली नाही. गळलेल्या शब्दाच्या जागी, दोन ओळींच्या मध्ये, काकपद काढायचे, कावळ्याच्या पावलासारखी ती बारीक खूण, समासात शब्द लिहायचा आणि कागद पुढे सरकवायचा. कोणीतरी वाचेल, गळलेले जागच्या जागी येईल, या भरवशावर त्यांचे आयुष्य उभे होते. तोच भरवसा त्यांनी घरीही आणला. तिथे मात्र समास वाचण्याची कोणाला सवय नव्हती.

थोरला आणि धाकटी, दोघेही आपापल्या दूरच्या शहरांत. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी धाकटी रोज संध्याकाळी फोन करी. मग थोरला येऊन बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर एक पांढरी डबी बसवून गेला. समोरून कोणी गेले की डबी दोघांच्या फोनवर एक ओळ धाडी : ‘घरात हालचाल आहे.’ बारा तास कोणी फिरकले नाही, तर लाल अक्षरांत इशारा.

“हालहवाल म्हणायचं असेल त्यांना,” ती ओळ वाचून ते म्हणाले होते.

“बाबा, इथंही काकपद?” थोरला हसला. “हालचालच. तुम्ही उठलात, बसलात, चहा केलात, आम्हाला तिकडे कळत राहील. उगाच काळजी नको.”

काळजी खरोखरच गेली. रोजचा फोन आठवड्याचा झाला, आठवड्याचा अधूनमधूनचा. ते तक्रार करीत नसत. फोन आला की संभाषणात मोठाल्या मोकळ्या जागा सोडीत, आणि त्या जागा पलीकडच्यांना लाइन खराब असल्यासारख्या वाटत.

बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून एक करडी मांजरी येऊ लागली होती.

“नाव काय ठेवलंत तिचं?” धाकटीने एकदा विचारले.

“नाव ठेवलं की मग नावंही ठेवावी लागतात. नकोच.”

“आम्हाला बरी दोन्ही ठेवलीत.”

याच मांजरीने आपल्या थोराड झालेल्या पिल्लाला त्यांच्या डोळ्यांदेखत हाकलले होते. पिल्लू नेहमीसारखे अंगाला घासायला आले. तिने कान मागे पाडले, फिस्कारली आणि पंजाचा असा तडाखा दिला की ते खिडकीबाहेर उडाले. ती वळून पाहील म्हणून त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. ती पंजा चाटत बसली. त्यांना त्या कठोरपणाचा हेवा वाटला. माणसाचे उलटे असते : पिल्लू निघून जाते, आणि मागे राहिलेला त्याची उबेची जागा वर्षानुवर्षे चाटत बसतो.

मंगळवारी सकाळी खाली पडलेला कागद उचलायला ते वाकले आणि पाठीत काहीतरी तटकन तुटल्यासारखे झाले. भिंत धरधरून ते आतल्या खोलीतल्या पलंगापर्यंत पोचले. न्हाणीघर आतच होते. उशाशी पाण्याचा तांब्या होता, पावाचे पाकीट होते आणि फोनही होता. एका बोटाचे काम. पण सांगितल्यावर कोणीही येते. न सांगता कोणी विचारते का, एवढेच त्यांना एकदा पाहायचे होते. बाहेरच्या खोलीत आता कोणी वावरणार नव्हते. रात्रीपर्यंत ओळ लाल होईल आणि मुलांना वाचावीच लागेल.

रात्र झाली, ती सरली, बुधवार उजाडला. फोन मुका.

दुपारी मांजरी तोंडात अर्धमेला उंदीर धरून आत आली. तिने तो त्यांच्या लोंबत्या हाताशी ठेवला आणि मागे सरून बसली. उंदीर फरफटत निघाला. तिने पंजाने तो पुन्हा हाताखाली आणला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिले. दोनदा, तीनदा. कालपासून न उठलेला हा प्राणी शिकार न शिकलेले पिल्लू असावा, असा काहीसा तिचा समज झाला होता. पोटच्याला जिने उंबऱ्याबाहेर काढले, ती एका परक्या म्हाताऱ्याला भरवायला बसली होती.

“अगं, दातच नाहीत तेवढे,” ते पुटपुटले. शेवटी तिने स्वतःच तो उंदीर खाल्ला, काहीशा निराशेने, आणि पुन्हा बाहेर गेली.

ती बाहेरच्या खोलीतून गेली, डबीसमोरून. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आले. गेले तीस तास ती त्या वाटेने येत-जात होती, आणि प्रत्येक खेपेला दोन शहरांत ओळ उमटत होती : घरात हालचाल आहे. त्यांच्या नावापुढे हजेरी लागत होती, आणि ती लावणारी मांजरी होती.

गुरुवारी सकाळी सहा वाजता ते उठले. बाहेरच्या खोलीत ती खुर्चीवर झोपली होती. त्यांनी तिला उचलून खिडकीबाहेर ठेवले. ती पुन्हा आत डोकावली, तेव्हा त्यांनी हात उगारला आणि खिडकी लावून घेतली. भिंत धरून पलंगापर्यंत येताना त्यांना घाम फुटला. नऊपर्यंत काचेवर नखे वाजत होती, मग थांबली.

त्यांनी दिवसभर एक वाक्य तपासले. ‘काही विशेष नाही, पाठ जरा धरली आहे.’ ‘जरा’ काढून टाकला, उघडे वाटले म्हणून परत घातला. ‘काही विशेष नाही’ दोनदा खोडले. भिंतीवरचे ऊन सरकत गेले, पिवळे पडले, विझले.

सहा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. त्यांनी तो तीनदा वाजू दिला. चाळीस वर्षांनी समासातला शब्द घरच्या कोणीतरी वाचला होता, आणि ते ऐकण्यासाठी त्यांनी डोळे मिटून घेतले.

“बाबा, तिकडे लाइट गेलेत का?” थोरला.

“नाही.”

“मग डबीच गेली. लाल दाखवतंय. धाकटीचाही मेसेज आलाय, तिच्याकडेही तेच. मी मीटिंगमधून उठून आलोय. जरा समोरून चाला बघू एकदा.”

“अरे, मी...”

“एकच मिनिट, बाबा. मग बोलू. नुसतं समोरून चाला.”

तपासलेले वाक्य जिभेवर होते. त्यांनी पाय पलंगाखाली सोडले. उठताना तोंडून निघणारा आवाज दातांखाली धरला, फोन कानाशी धरून चौकट गाठली, खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला, आणि मग तोही सोडून ते डबीसमोरून चार पावले चालले.

“काही नाही येत. जरा भरभर चाला.”

ते परत फिरले, आणि शक्य तेवढे भरभर चालले.

“हां. आली,” थोरला म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला सुटकेचा निःश्वास अगदी खरा होता. “हालचाल आहे. चला, ठेवतो.”