माझ्या तोंडावरची पिशवी

मित्रांनो, मी गॅसचा एक जुना अलार्म आहे. कोळशाच्या खाणीत छताला टांगलेला असायचो. आता ऑफिसातल्या कुलूपबंद कपाटात पडून आहे, कपाळावर चिठ्ठी चिकटवलेली: 'नादुरुस्त'. ती चिठ्ठी खोटी आहे. पण मला फक्त बोंबलता येतं, आणि माझी वायर कापलेली आहे.

कोळशातून एक गॅस झिरपतो. त्याला ना रंग, ना वास. तो साठला आणि ठिणगी उडाली की स्फोट. तो हुंगायचा, बोंबलायचं आणि कोळसा कापणारं यंत्र बंद पाडायचं, यासाठीच मला घडवलं. मला टांगलं त्या दिवशी साहेबांनी माझ्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला. नंतर ते खाली फिरकलेच नाहीत.

मजुरांनी माझं नाव ठेवलं 'सासू'. मी ओरडलो की गॅस पांगेपर्यंत काम ठप्प. "सासूबाई, जरा माहेरी जा की चार दिवस!" यंत्र चालवणारे दाजी म्हणायचे. त्यांचा मेहुणा फिटर होता. दर सोमवारी तो माझ्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडायचा.

मग हुकूम आला, कोळसा दीडपट काढा. हवा खेळवणारा पंखा मात्र तोच, जुना, खोकणारा. मी दिवसातून दहादा ओरडू लागलो. मुकादम म्हणाला, "हिचं तोंड बांधा, नाहीतर उद्यापासून घरी बसा."

दाजींनी डब्याची प्लास्टिकची पिशवी माझ्या तोंडावर चढवली आणि सुतळीने आवळली. "घ्या सासूबाई, पदर!"

सगळे हसले. मेहुणा हसला नाही. "दाजी, काढा ती. ताईला मी काय तोंड दाखवू?"

"अरे, पाळी संपली की काढतो. तू घरी काही बोलू नकोस म्हणजे झालं."

मग ते रोजचंच झालं. तपासणी असली की पिशवी उतरायची, तपासणारे गेले की चढायची. मेहुण्याने तक्रार लिहून दिली, तर त्याचीच बदली वर, पंप दुरुस्तीला झाली.

एका दुपारी पंखा बंद पडला. यंत्र चालूच. पिशवीत सकाळची चांगली हवा कोंडलेली होती, मी तीच हुंगत बसलो. दाजी माझ्यापासून चार हातांवर शीळ वाजवत होते. ती शीळ अर्ध्यातच तुटली.

सात माणसं गेली. त्यांत दाजीही.

चौकशीत मला टेबलावर ठेवलं. मेहुणा म्हणाला, "साहेब, याच्या तोंडावर पिशवी होती. मुकादमाने बांधायला लावली."

"बांधली कुणी?"

समोर ताई बसली होती, दाजींची बायको. मेहुण्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मुकादम छताकडे बघत राहिला. साहेबांनी लिहिलं: नादुरुस्त.

मित्रांनो, माझ्या गळ्याभोवती वितळलेल्या प्लास्टिकचं काळं कडं आहे. त्यात सुतळीचे पीळ अजून उमटलेले आहेत. त्या टेबलाभोवतीच्या एकानेही नख लावून पाहिलं नाही. तुमच्यापैकी कुणी उद्या साहेब झालात तर फोटोपुरते नको, बघायला खाली उतरा. बोंबलणाऱ्याचं तोंड बांधू नका, तो का बोंबलतो ते विचारा.

काल माझ्या जागी लावायला नवा अलार्म आला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. कपाटाच्या फटीतून मी पाहत होतो. शिपाई पिशवी फाडायला लागला, तसा मुकादम म्हणाला,

"फाडू नकोस रे, जपून काढ. लागेल."